पांढऱ्या चादरींचं चित्र

मला ते चार दिवस फार आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. बाईमाणसाला न शोभणारं बोलणं आहे, आणि आमच्या घरात तर ते तोंडातून काढायचीही सोय नव्हती. बाहेर बसणं म्हणजे अडचण, ओशाळवाणेपणा, जिवाला घोर. निदान तोंडाने तसं म्हणायची पद्धत होती. दूर झाल्याचं सांगताना आवाज पाडायचा, मान खाली घालायची आणि पडवीच्या टोकाच्या खोलीत जाऊन बसायचं. मी हे सगळं अगदी रीतसर करायची. पण एकदा का खोलीचं दार लोटलं, की मला हसू आवरायचं नाही. कारण त्या खोलीत माझे तुकडे होते.

तुकडे म्हणजे लाकडाचे. पातळ फळीवर चित्र डकवायचं, मग ती फळी बारीक करवतीने वेडीवाकडी कापायची, आणि ते काप एकमेकांत अडकवून चित्र पुन्हा उभं करायचं. याला जिगसॉ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही आपले तुकडे म्हणायचो. माझे वडील यवतमाळला वकिली करायचे. एका जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब आपल्या देशी निघून गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. वडील पुस्तकांच्या आशेने गेले आणि एक जडशीळ पेटी घेऊन आले. वरच्या थरात घोड्यांच्या दुखण्यांवरची पुस्तकं निघाली, तळाशी हे तीन खोके. आईने एक खोका उघडून पाहिला आणि म्हणाली, "साहेबानं तुमाले सरपण विकलं."

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं पाहणं चाललं होतं. छप्पन्न सालचा तो उन्हाळा मी माजघरातल्या थंड फरशीवर पालथी पडून काढला. एका खोक्यात डोंगर आणि तळं होतं. एकात फुलदाणी, कुणा मोठ्या चित्रकाराने काढलेली असावी, कारण जवळून पाहिलं तर सगळे रंगाचे फटकारे आणि लांबून पाहिलं तर फुलं. तिसऱ्यातलं चित्र सगळ्यात मोठं होतं. कुठल्याशा थंड मुलखातलं परसू, सफरचंदाची झाडं, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. चार-पाच बायका धुणं वाळत घालत होत्या आणि हसत होत्या. हे चित्र माझ्याकडून कधी पुरं होत नसे. बायका जुळायच्या, झाडं जुळायची. पण चादरींचे तुकडे पांढरेच्या पांढरे, कोणता कुठला काही कळायचं नाही. तरी मला त्यातच जास्त सुख वाटायचं. तुकडा हातात घेऊन बसलं की डोक्यातलं एकेक निघून जायचं: मुलाकडच्यांनी काय निरोप दिला, माझा रंग, माझे दात, सगळं.

लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "सासरी काय भातुकली मांडणार हायेस?" मी खोके साड्यांच्या खाली घातले आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

सत्तावन्न साली मी बाभुळगावला आले. सासरे कचेरीतून निवृत्त झालेले, दीर टपाल कचेरीत, आणि हे शाळेत मास्तर. घरात बायका तिघी: सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. सासूबाई वाईट नव्हत्या. पण बसलेली बाई त्यांना पाहवत नसे. स्वतः कधी बसल्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचं बसणं त्यांना दुखणंच वाटायचं. मी दुपारी भिंतीला टेकले की लगेच, "काहून वं? तब्येत बरी नाई काय?" मग उठून काही तरी हाती घ्यावं लागे. तूर निवडायची, शेणी थापायच्या, कंदिलाच्या चिमण्या पुसायच्या. ट्रंकेचं कुलूप उघडायचं मनातसुद्धा आलं नाही.

मग सासरी मी पहिल्यांदा बाहेर बसले. पहिला दिवस नुसतं छताकडे पाहण्यात गेला. घरात मला कुणी शिवणार नाही, कुणी काम सांगणार नाही, ताट बाहेरून सरकवलं जाणार, आणि हे सगळं चार दिवस. लग्न झाल्यापासून मी एवढी रिकामी कधी नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना खिडकीतून हळूच सांगितलं, आणि ह्यांनी ट्रंकेतले खोके काढून उंबऱ्यात आणून ठेवले. सासूबाईंनी पाहिलंच.

"हे काय होय?"

"चित्राचे तुकडे आहेत, आत्याबाई. जुळवायचे असतात."

"लाकडाचे हायेत?"

"हो."

"मंग चौथ्या दिवशी पाण्यातून काढजो अन् मंग घरात घेजो."

"पाण्यातून काढले तर वरचा कागद सुटेल."

सासूबाईंनी थोडा विचार केला. त्यांच्या मनात प्रत्येक वस्तूचा एक कायदा होता: कापसाला विटाळ लागतो, लोकरीला लागत नाही, धान्याला लागतो, पाण्याला लागतो. गोऱ्या साहेबाच्या तुकड्यांना त्या कायद्यात जागा नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग राहू दे तिथंच. त्या खोलीतलं त्या खोलीत. घरात आणायचे नाईत."

असा माझ्या तुकड्यांना त्या खोलीचा कायमचा वास घडला. ज्याला ते हवे असतील, त्याने बाहेर बसावं. सासूबाईंनी हा हुकूम माझी खोड मोडायला दिला होता. पण त्यांनी माझी दिवाळी महिन्यातून एकदा ठरवून टाकली, हे त्यांना बिचारीला कुठून कळणार?

जाऊबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायची. घरातलं जड काम सगळं त्यांच्याकडे होतं आणि त्या ते न बोलता करायच्या. त्यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझी आणि त्यांची पाळी काही महिन्यांतच मागेपुढे येऊ लागली, आणि आम्ही दोघी त्या खोलीत एकत्र सापडू लागलो. मला कोण आनंद! सोबत मिळाली. मी गुणगुणत खोका उघडला, विहिरीजवळ पडलेली जुनी दाराची फळी विटांवर मांडली, तुकडे ओतले. ताई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी त्यांना तुकडे दाखवत होते, तळं दाखवत होते, काही तरी विनोद करत होते. त्या हुं हुं करत होत्या. कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आलं की त्या रडताहेत.

मला जी चार दिवसांची सुट्टी होती, तो त्यांच्यासाठी दर महिन्याचा निकाल होता. घरातल्या सगळ्यांना तो एकदम कळायचा, सासऱ्यांनासुद्धा. ताई खोलीत गेल्या की सासूबाई देवघरातली भांडी जरा जोराने घासायच्या. हे मला दिसत नव्हतं असं नाही, पण दिसूनही मी तुकडे ओतून बसले होते. मला माझाच राग आला. आणि राग आला तरी मी खोका बंद केला नाही, हेही खरं.

मी एक निळा तुकडा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "ताई, हे आभाळ आहे. एवढं कुठं बसतं तेवढं पाहा."

त्यांनी डोळे पुसले, उठून बसल्या आणि बराच वेळ तो तुकडा फिरवून फिरवून पाहिला. म्हणाल्या, "आभायले काय ठिकाण राह्यते वं? कुठंही बसते." आणि मग त्यांना तो बसवल्याशिवाय राहवेना.

त्या दिवसापासून आभाळ त्यांचं आणि जमीन माझी अशी वाटणी झाली. त्यांची एक सवय मोठी मजेची होती. तुकडा हातात घेतला की त्याच्याशी हळू आवाजात बोलायच्या. "इथं नाई बसत? बरं, मंग तिथं पाहू. घाई नोको करू." मी म्हणायची, "कुणाशी बोलता, ताई?" त्या म्हणायच्या, "तुकड्यासंग. तूच एकटी बडबडी हायेस काय?" हळूहळू त्यांचं भिंतीकडे तोंड करून निजणं कमी झालं. रडणं थांबलं असं म्हणत नाही. पण रडून झालं की त्या फळीजवळ यायच्या. डोंगर-तळं झालं, फुलदाणी झाली. फुलदाणी त्यांना आवडली नाही. म्हणाल्या, "काढणाऱ्याले धीर नोता. फूल असं धसमुसयं राह्यते काय?"

बाहेर मात्र दोघींचं काम एकट्या सासूबाईंवर पडायचं. आम्ही आतून ऐकायचो. बादली विहिरीवर आपटली, चूल फुंकता फुंकता खोकल्याची उबळ आली, डाळीचं भांडं कलंडलं. मग पडवीतून आवाज यायचा, "दोघी ठरवून बसता काय वं? एकीनं तरी मागंपुढं व्हावं!" ताई आणि मी तोंडात पदर कोंबायचो. हसू थांबलं की माझ्या मनाला बोचायचं. साठीच्या बाईला पाणी ओढायला लावून आम्ही परक्या मुलखातली झाडं जुळवत बसलो होतो. मी ठरवायची की उठल्यावर त्यांचे पाय चेपीन, आणि चेपायचीही. पण पाय चेपतानाही मनात पुढच्या महिन्याचा हिशेब चाललेला असायचा.

साठ सालच्या हिवाळ्यात आम्ही पांढऱ्या चादरींचं चित्र जुळवायला काढलं. चित्र पहिल्यांदा खोक्यावर पाहिलं तेव्हा ताई म्हणाल्या, "ह्यायच्या मुलखातल्या बाया हासून धुनं धुतात वाटते. पाणी ऊन देत असतीन." दोन महिने आम्ही त्यावर होतो. जाताना फळी तशीच भिंतीशी सरकवून वर जुनं लुगडं टाकायचो. बायका झाल्या, झाडं झाली, टोपली झाली. उरल्या त्या चादरी. त्या घेतल्या ताईंनी, कारण त्यांच्या मते चादर म्हणजे खाली उतरलेलं आभाळच.

पुढच्या महिन्यात मी खोलीत गेले आणि ताई आल्या नाहीत. पहिला दिवस गेला. घरातली ये-जा चालू असताना त्या खिडकीपाशी घुटमळायच्या, फळीकडे पाहायच्या आणि जायच्या. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मंदिरात गेल्या, तेव्हा त्या उंबऱ्याच्या पलीकडे बसल्या आणि म्हणाल्या, "मले उशीर झाला यंदा."

मी आनंदाने ओरडणारच होते. त्यांनी बोट ओठावर ठेवलं. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, आणि का ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी असाच उशीर झाला होता. सासूबाईंना दोघींचे दिवस पाठ असायचे. त्यांनी आठ दिवस वाट पाहिली आणि मग घर डोक्यावर घेतलं. देवीला नवस बोलल्या, ताईंच्या माहेरी निरोप धाडला, शेजारणींना बोलावून ओटी भरली. आणि पुढच्या आठवड्यात ताईंना खोलीत जावं लागलं. त्यानंतर महिनाभर सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रागाने नव्हे, त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. पण ताईंच्या वाट्याला तो अबोलाच आला.

"पुन्हा तसंच झालं तं मी मरून जाईन वं," ताई म्हणाल्या. "आज-उद्या त्यायच्या ध्यानात येते. मंग सुरू होते सगळं."

आणि मी म्हटलं, "मग या ना इकडे. बसा माझ्याबरोबर. दूर झाले म्हणून सांगा. खरंच काही असलं तर पुढच्या महिन्यात कळेल, तेव्हा सांगू. आणि चादरीही होतील."

शेवटचं वाक्य मी गमतीने बोलले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं नाही. मला सोबत हवी होती. मला ते चित्र पुरं व्हायला हवं होतं. ताईंची भीती खरी होती आणि माझा सल्लाही त्या भीतीपुरता बरा होता. पण मी तो दिला, त्यात निम्मं लक्ष माझं फळीवर होतं.

ताई उठून गेल्या. तासाभराने अंगणातून त्यांचा आवाज आला, पाडलेला, अगदी रीतीप्रमाणे: "आत्याबाई, मी दूर झाली." देवघरात भांडं आपटलं. ताई आत आल्या, दार लोटलं आणि आम्ही दोघी गोधडीत तोंड खुपसून पोट दुखेस्तोवर हसलो.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, इतके चांगले गेले. ताई रडल्या नाहीत, हे पहिलंच. त्यांना रडायचं कारणच नव्हतं. त्या दुपारी गाढ झोपायच्या, उठून भूक लागली म्हणायच्या, आणि सासूबाईंनी सरकवलेल्या ताटातली माझ्या वाटणीची भाकरसुद्धा खायच्या. खिडकीतून समोरचा रस्ता दिसायचा. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया आरशांच्या चोळ्या घालून डोक्यावर मोळ्या घेऊन जायच्या, त्यांची बोली कानावर पडायची. ताई म्हणाल्या, "एवढं ओझं घेऊन ह्या बाया कशा बोलत राह्यतात?" मग पुन्हा फळीवर वाकायच्या. चादरी एकेक करून भरत होत्या. त्यांची तुकड्यांशी बडबड एवढी वाढली होती की मी चिडवायला लागले. "ताई, आज काय म्हणतो तुमचा तुकडा?" त्या लाजायच्या आणि आवाज आणखी हळू करायच्या.

चित्र पुरं झालं त्या संध्याकाळी आम्ही दोघी नुसत्या त्याच्याकडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी माझा चौथा दिवस होता. मी न्हाले, माझी गोधडी धुतली आणि घरात गेले. ताई एक दिवस मागे लागलेल्या, म्हणून त्यांचं न्हाणं माझ्यानंतर आलं.

आमच्या घरची रीत अशी, की चौथ्या दिवशी ज्या बाईने जे अंथरलं-पांघरलं ते तिनेच धुवायचं. दुसरीने हात लावला तर तिच्याही डोक्यावरून पाणी. गोधड्या जुन्या लुगड्यांच्या, थरावर थर शिवलेल्या. कोरडी असताना ती काखेत येते, पण भिजली की दोन माणसांना आवरत नाही. थंडी मरणाची होती म्हणून ताईंना दोन गोधड्या होत्या.

ताईंच्या चौथ्या दिवशी मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. शेजारी सासूबाई खडे वेचत होत्या. समोर विहिरीपाशी ताई ओल्या लुगड्याने उभ्या राहून पाणी ओढत होत्या, गोधडी आपटत होत्या, दोन्ही हातांनी पिळत होत्या. मग ती भिजलेली गोधडी छातीशी धरून त्यांनी उचलली आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंत नेली. वाटेत एकदा थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी सुपावरचा हात थांबवला. त्यांनी किंचित मान हलवली, नको म्हणून, आणि हसल्या.

त्या गोधडीला विटाळ नव्हता. हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक ती उचलत होती आणि एक पाखडत बसली होती. मी उठून गेले असते तर शिवाशिव होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आणि सासूबाईंच्या लेखी झाली असती तरी काय, फार तर आणखी एक आंघोळ. पण त्यांनी "काहून गेलतीस?" असं विचारलं असतं आणि माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. शिवाय त्या थंडीत पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायला माझं मन घेत नव्हतं. ताई नको म्हणाल्या, तेवढं मी धरून बसले. त्यांनी दुसरीही गोधडी नेली. मी तांदूळ पाखडले.

तिन्हीसांजेला ताईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली. तिने बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं की होतं आणि गेलं. सासूबाईंना कळेचना. "अवं, आजच तं बाहेरून उठली ते!" त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून डॉक्टरीणबाईंना आणलं. त्या म्हणाल्या, काही बायकांना दिवस गेल्यावरही थोडं अंगावरून जातं, त्यामुळे कळत नाही. आणि इतक्या लवकर असं झालं तर त्याला काही कारण नसतं. धुण्यापाण्याने होत नाही, कुणी मनाला लावून घेऊ नका. अशा रीतीने आमचं खोटं आपोआप झाकलं गेलं. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला मला फार आवडलं असतं. अजूनही आवडेल.

विश्वास ठेवला नाही तो सासूबाईंनीही. त्यांनी त्या दिवसानंतर चौथ्या दिवसाचं धुणं बंद केलं. स्वतः जन्मभर पाळलेली रीत त्यांनी एका शब्दाने मोडली. गोधड्या परिटाकडे जाऊ लागल्या, त्याने कुरकुर केली तर त्याला दुप्पट धान्य द्यायचं ठरलं. संध्याकाळी मी पाय चेपायला बसले की त्या म्हणायच्या, "मी समोर बसली होती वं. खडे येचत होती. मले उठता नाई आलं काय? आपल्या हातानं मी ते घालवलं." मी खाली मान घालून पाय चेपत राहायची. एका वाक्याने मी त्यांना सोडवू शकले असते. पण त्या वाक्यात ताई सापडत होत्या, आणि मीही. म्हणून त्या म्हाताऱ्या बाईला मी माझा गुन्हा डोक्यावर घेऊन तसंच झुरू दिलं. त्यांच्या पोटऱ्या दिवसेंदिवस बारीक होत चालल्या होत्या, ते माझ्या हातांना कळायचं.

ताईंना मी एवढ्यात काही विचारलं नाही. त्या उठल्या, कामाला लागल्या. खोलीत पुन्हा गेल्या तेव्हा पूर्वीसारख्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. फळीवरचं लुगडं आम्ही दोघींनीही उचललं नाही. मी बाहेर बसायची ती नुसती बसायची. वेळ जाता जात नसे, आणि ते बरंच झालं असं मला वाटायचं.

दोन वर्षांनी मला दिवस राहिले. मी कुणाला सांगितलं नाही. पण सासूबाईंना दिवस पाठ. या वेळी त्यांनी नवस बोलला नाही, ओटी भरली नाही. फक्त माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि ती ताईंनी उचलली. पाणी, दळण, सारवण, सगळं ताईंकडे गेलं. मी भिंतीला टेकून बसायची आणि कुणी "काहून" विचारायचं नाही. लग्नानंतर ज्या विसाव्यासाठी मी तरसत होते तो असा घरात सापडला, आणि तो बसल्या जागी मला टोचायचा.

एका दुपारी ताई खोलीत होत्या. त्यांचं ताट घेऊन मी गेले. उंबऱ्यापलीकडून सरकवताना पाहिलं, तर फळी भिंतीपासून ओढलेली. पांढऱ्या चादरींचं चित्र त्यांनी मोडलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं होतं. बायका झाल्या होत्या, झाडं झाली होती.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि म्हटलं, "ताई, मी यायला पाहिजे होतं त्या दिवशी. गोधडी उचलायला. मला माहीत होतं. मी मुद्दाम आले नाही. आणि बसा म्हणणारीही मीच." मला रडू येत होतं आणि पोटात पोर होतं म्हणून मी ते दाबत होते.

ताई तुकडा फिरवून पाहत होत्या. तो तसाच फिरवत म्हणाल्या, "ह्या घरात बसाले भेटलं असं कोणी हाय काय वं? आत्याबाईले नाई भेटलं, मले नाई भेटलं. त्याले भेटलं. आला अन् चार दिवस बसूनच होता माह्यासंग. मी त्याले सगळं दाखवलं. झाडं दाखवली, बाया दाखवल्या, चादर कुठं बसते ते दाखवलं."

मला त्यांची ती बडबड आठवली. घाई नोको करू. बरं, मंग तिथं पाहू. आणि माझं चिडवणं आठवलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माईत नोतं," त्या म्हणाल्या. "पण बोलत होती."

घरातून सासूबाईंनी हाक मारली, मला नव्हे, माझ्या तब्येतीला. फार वेळ खाली बसू नकोस म्हणून. मी ताईंकडे पाहिलं. त्या मला दोष देतील म्हणून मी दोन वर्षं भ्याले होते, आणि त्यांनी तो कधी मनातही आणला नव्हता. माझ्याजवळचं ओझं कुणी घेत नव्हतं. मी उंबऱ्याला हात टेकून उठले.

"दार ओढून घेजो," ताई म्हणाल्या. त्यांच्यापुढे आता नुसते पांढरे तुकडे उरले होते. "अन् तू उभी नोको राहू. हे जमते मले एकटीले."

मी दार ओढून घेतलं. आत त्या पुन्हा हळू आवाजात बोलू लागल्या होत्या.